दुष्काळाआधी निघालेली मदत

आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, कोणी उभं राहून "देवाने मला संदेश दिला" असं म्हणालं की मला तिथे बसवायचं नाही. अकरा वर्षं हे असंच चाललं होतं. मी उपासनेला जायचो, गीतं म्हणायचो, दानपात्र फिरवायचो. पण साक्षीची, म्हणजे उभं राहून आपापला अनुभव सांगायची, वेळ आली की चपला घालून बाहेर नळापाशी जाऊन उभा राहायचो. पाळकसाहेबांना ते माहीत होतं. त्यांनी कधी विचारलं नाही आणि मीही कधी सांगितलं नाही.

कारण असं होतं. माझी पत्नी आजारी होती, तेव्हा बाहेरगावचे एक प्रचारक आले होते. मोठा मांडव घातला होता. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि माईकवरून सगळ्यांसमोर सांगितलं की ही बहीण मरणार नाही, वर्षाच्या आत ती इथेच उभी राहून साक्ष देईल. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. पाच महिन्यांनी ती गेली. जाण्याचं दुःख मी कसंतरी सोसलं असतं, माणसं सोसतातच. पण शेवटच्या दिवसांत ती मला एकच गोष्ट विचारायची. "माझाच विश्वास कमी पडला का हो?" पाणी पाजताना विचारायची, पांघरूण सारखं करताना विचारायची. देवावर सगळा भार टाकून जगलेली बाई, आणि जाताना आपणच कुठेतरी नापास झालो असं समजून गेली. त्या माणसाने तिचं आयुष्य वाढवलं नाही ते नाहीच, वर तिचं मरणही कठीण करून ठेवलं. हे मी विसरू शकलो नाही.

मी सातपूरच्या एका कारखान्यात लेथवर काम करतो. तिथे माप चुकलं तर जॉब, म्हणजे घडवलेला भाग, बाजूला फेकतात, कोणी त्याला विश्वासाची उणीव म्हणत नाही. मला ते बरं वाटायचं. घरी मी आणि माझी एकुलती एक मुलगी ज्योत्स्ना, दोघंच. पुढे तिचं लग्न झालं. जावई सुनील एकलहऱ्याच्या वीज केंद्रात कामाला आहे, मुलगा शांत आणि कामसू. दोघं नाशिकरोडला राहू लागली आणि मी एकटा राहिलो.

त्याच सुमारास ज्योत्स्ना मला बुधवारच्या शास्त्रपाठाला ओढून नेऊ लागली. तो आमच्या मंडळीतल्या सोफियामावशींच्या घरी भरायचा. मावशी निवृत्त परिचारिका. बाळंतिणींच्या वॉर्डात त्यांनी सगळी नोकरी काढली. आवाज बारीक, चष्मा जाड, आणि चहात साखर नेहमी जास्त. त्या वर्षी आम्ही बायबलमधला पहिल्या शतकातल्या मंडळीचा इतिहास वाचत होतो. त्या बुधवारी भाग आला तो अंत्युखियाचा. यरुशलेमेहून काही संदेष्टे त्या शहरात येतात. त्यांतला एक जण उठून सांगतो की सगळीकडे मोठा दुष्काळ पडणार आहे. ते ऐकून तिथले विश्वासी ठरवतात की प्रत्येकाने आपापल्या ऐपतीप्रमाणे यरुशलेमेकडच्या, यहूदीयातल्या बांधवांसाठी मदत पाठवायची. बर्णबा आणि शौल या आपल्यातल्या दोघांच्या हाती ती पाठवतातही. एवढीच ती हकीकत, चार ओळींची. मी कितीतरी वेळा वाचली होती आणि पुढे गेलो होतो.

मावशींनी चष्मा काढला आणि म्हणाल्या, "हा भाग मी तीन आठवडे वाचतेय. वाचला की एकच विचार येतो. आपण सगळ्यांनी रक्त देऊन, रक्तगट लिहून ठेवावेत. एक शिबिर घ्यावं, इथेच, मंडळीच्या हॉलमध्ये. का ते मला सांगता येणार नाही. पण प्रभू हे मनातून जाऊ देत नाही."

 मी उठून उभा राहिलो. "म्हणजे आता कोणावर तरी संकट येणार, असं तुम्हाला कळलंय का? कोणावर? नाव पण सांगून टाका ना," मी म्हणालो. ज्योत्स्नाने माझी बाही ओढली. मी थांबलो नाही. "एका संदेशाने माझं घर बसलंय मावशी. आता दुसरा ऐकायची माझी तयारी नाही."

 मावशी रागावल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "दादा, या भागातल्या माणसाने दुष्काळ टळेल असं नाही सांगितलं. येणार आहे, एवढंच सांगितलं. आणि ऐकणाऱ्यांनी टाळ्या नाही वाजवल्या, पिशव्या भरल्या." टाळ्यांची गोष्ट त्यांना कशी ठाऊक, हे मला त्या क्षणी सुचलं नाही. नंतर आठवलं, त्या मांडवात त्याही होत्या.

शिबिर झालं. मी गेलो नाही, पाळी बदलून घेऊन मुद्दाम कामावर गेलो. ज्योत्स्ना मात्र गेली. तिने पहिल्यांदाच रक्त दिलं आणि संध्याकाळी दंडावरची चिकटपट्टी मला कौतुकाने दाखवली. शाळेत असताना कधीतरी केलेल्या तपासणीत तिचा गट 'ओ' लिहिलेला होता, ओळखपत्रावरही तोच. चार दिवसांनी रक्तपेढीतून तिला फोन आला, पुन्हा नमुना द्यायला या म्हणून. मी सोबत गेलो. तिथल्या डॉक्टरांनी आम्हाला बसवून समजावलं. साध्या तपासणीत हिचं रक्त 'ओ' दिसतं, पण ते 'ओ' नाही. त्याला बॉम्बे रक्तगट म्हणतात. फार थोड्या लोकांचा असतो. हिला कधी रक्त लागलं तर 'ओ' गटाचंही चालणार नाही, चढवलं तर जीवावर बेतेल. फक्त याच गटाच्या माणसाचं लागेल. "आधी कळलं ते चांगलं झालं," ते म्हणाले. "आमच्याकडे बरेचदा अडचणीच्या वेळीच कळतं."

मी बाहेर येऊन मोटारसायकलवर बसलो. खरं सांगायचं तर मला तेव्हा कृतज्ञता वगैरे काही वाटली नाही. मला मावशींचा राग आला. जणू त्यांनी बोलून दाखवलं म्हणून माझ्या मुलीचं रक्त असं निघालं. माणूस घाबरला की किती वेड्यासारखा विचार करतो! ज्योत्स्ना मागे बसली आणि म्हणाली, "पप्पा, माझं रक्त काल पण हेच होतं. आज फक्त आपल्याला कळलं." मी किल्ली लावली.

पुढच्या वर्षी तिला दिवस गेले. पाचव्या महिन्याच्या सोनोग्राफीत डॉक्टरीणबाईंच्या लक्षात आलं की वार खाली, गर्भाशयाच्या तोंडाशी आहे. पुढे ती वर सरकेल म्हणून वाट पाहिली, ती सरकली नाही. अशा बाळंतपणात रक्तस्राव होतो, तेव्हा रक्त हाताशी ठेवूनच शस्त्रक्रिया करायची, असं त्यांनी ठरवलं. ज्योत्स्नाच्या अंगात आधीच रक्त कमी होतं, त्यामुळे तिचंच काढून ठेवण्याची सोय नव्हती. रक्तपेढीने शोधून, विचारून या गटाच्या तीन माणसांची नावं कळवली. एक पुण्याची कॉलेजातली मुलगी, एक संभाजीनगरचे शिक्षक, आणि तिसरा नामपूरच्या कांदा बाजारात मापं करणारा मापारी, भाऊसाहेब नावाचा.

ती तीन नावं सोफियामावशींनी एका वहीत लिहून घेतली. आणि मग त्या म्हाताऱ्या बाईने जे केलं ते मी पाहत राहिलो. दर पंधरा दिवसांनी त्या तिघांनाही फोन करायच्या. तब्येत कशी आहे, ताप वगैरे नाही ना, जेवण वेळेवर होतं ना, आईची गुडघेदुखी कशी आहे. तिघांच्या घरची माणसं त्यांना नावाने माहीत झाली. मी एकदा म्हणालो, "मावशी, तुम्ही प्रार्थना करता तेवढं पुरे आहे." त्या म्हणाल्या, "हीच प्रार्थना चाललीय, दादा."

शस्त्रक्रिया नवव्या महिन्यात ठरली होती. त्याच्या तीन-चार दिवस आधी एका दात्याने येऊन रक्त द्यायचं, असंही ठरलं होतं. पण आठवा महिना संपायच्या आत, एका सोमवारी सकाळी साडेआठला फोरमन माझ्या मशीनपाशी आला आणि म्हणाला, "जावयाचा फोन आलाय ऑफिसात. लगेच निघा." सुनील रात्रपाळी करून घरी पोहोचला होता, तर ज्योत्स्ना बाथरूमच्या दारात बसलेली. फरशी लाल. त्याने तिला तसंच उचलून रुग्णालयात नेलं होतं.

सातपूरहून नाशिकरोडपर्यंत मी कसा गेलो ते आठवत नाही. द्वारकेच्या चौकात गाड्या तुंबलेल्या, माझा पाय जमिनीवर, आणि तोंडातून प्रार्थनेचा एक शब्द निघत नव्हता. देवाला काही मागायचं म्हणजे त्याने दिलेला नकार ऐकायची तयारी ठेवायची, आणि ती माझ्यात उरली नव्हती.

रुग्णालयात डॉक्टरीणबाई स्पष्ट बोलल्या. "बाळाचे ठोके ठीक आहेत. ज्योत्स्नाला सलाईनवर सांभाळतेय. पण रक्त आल्याशिवाय मला पोट उघडायची भीती वाटते. आणि फार वेळ थांबताही येणार नाही. तुमचा दाता बोलवा." सुनील फोनवर होताच. पुण्याच्या मुलीला डेंग्यू झालेला, ती स्वतःच दवाखान्यात. संभाजीनगरच्या शिक्षकांनी महिन्यापूर्वीच नगरच्या एका पेशंटला रक्त दिलं होतं. मावशींना त्यांनी ते सांगितलंही होतं, आम्हीच विसरलो होतो. उरला भाऊसाहेब. त्याला सुनीलने सहा वेळा फोन लावला. घंटी वाजत होती, कोणी उचलत नव्हतं.

मी जिन्याच्या पायरीवर बसलो. नामपूर काही जवळ नाही. तो बाजारात असेल, लिलावाच्या गलक्यात फोन ऐकू येत नसेल. ऐकू आला तरी यायला तीन तास. मग रक्त काढायचं, तपासायचं. माझ्या डोक्यात नुसती वेळेची बेरीज चालू होती आणि ती कुठूनही केली तरी पुरत नव्हती. तेवढ्यात सोफियामावशी रिक्षातून उतरून आल्या. धापा टाकत माझ्याशेजारी पायरीवर बसल्या. मी त्यांना म्हणालो, "एवढं सगळं आधी कळून काय उपयोग झाला, मावशी? शेवटी हात रिकामेच." त्या माझा हात धरून नुसत्या बसून राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "प्रभू, आमचं करून झालंय." दुसरं काही मागितलं नाही त्यांनी. आणि त्या एका वाक्यावर मला रडू फुटलं. अकरा वर्षांत पहिल्यांदा मी मनात म्हणालो, देवा, मला समजून नको देऊस, कारण नको सांगूस, तू फक्त इथे राहा. ती नीट शब्दांतली प्रार्थना नव्हती. पण छातीवरचा काहीतरी घट्ट वळलेला पीळ सैल झाला, एवढं मला कळलं. परिस्थिती तशीच होती आणि तरी मी पुन्हा श्वास घेऊ शकत होतो.

दहा वाजून गेले असतील. सुनील जिन्यावरून धावत खाली आला. रक्तपेढीतून फोन आला होता. तिथली बाई विचारत होती, "तुमचे नामपूरचे दाते येऊन गेले. पिशवी तपासणीला लावलीय. पेशंट अजून आठवडाभर थांबणार ना? की आजच हवी?"

"आजच, आत्ताच," असं सांगूनच सुनील खाली आला होता.

झालं होतं ते अगदी साधं. भाऊसाहेबाला पुढच्या आठवड्यात यायचं होतं, पण पुढच्या आठवड्यात त्याच्या साडूच्या मुलीचं लग्न होतं. रविवारी त्याच्या मनात आलं की लग्नाच्या गडबडीत राहून जाईल, त्यापेक्षा उद्याच जाऊन देऊन यावं. पहाटेच्या गाडीने तो निघाला. कोणाला कळवलं नाही, कारण कळवण्यासारखं काही आहे असं त्याला वाटलंच नाही. आम्ही फोन करत होतो तेव्हा तो रक्तपेढीत खाटेवर आडवा होता, फोन पिशवीत, पिशवी खिडकीत. मी पायरीवर बसून बेरीज करत होतो त्या वेळी रक्त पिशवीत उतरत होतं.

तपासण्या लवकर उरकून द्यायला रक्तपेढीच्या लोकांनी फार धावपळ केली. दुपारी एकच्या सुमारास पिशवी आली. डॉक्टरीणबाईंनी शस्त्रक्रिया केली. रक्तस्राव झाला, बराच झाला, पण त्या एका पिशवीवर निभावलं. पावणेतीनला परिचारिका कपड्यात गुंडाळलेली एक इवलीशी मुलगी दाखवून लगेच काचेच्या पेटीकडे घेऊन गेली. मागोमाग डॉक्टरीणबाई आल्या, तोंडावरचा मास्क खाली केला आणि म्हणाल्या, "दोघी ठीक आहेत. ज्योत्स्ना विचारतेय, पप्पा जेवले का." मी हसलो आणि हसताहसता भिंतीला टेकलो.  इतका हलका मी कधी झालो नव्हतो.

भाऊसाहेब संध्याकाळी आला. पुन्हा लागलंच तर काय करता येईल ते विचारायला तो गावी परत न जाता थांबला होता. साधारण चाळिशीचा, अंगात पांढरा सदरा, हातात केळी. मी खाली वाकून त्याचे पाय धरू लागलो, तर तो दोन पावलं मागे सरला. "अहो दादा, काय करताय! घाबरू नका, मी शे ना, इथेच आहे. परत लागलं तर फोन करा." मी विचारलं, "आजच का आलात हो?" तो म्हणाला, "लग्न शे ना पुढच्या आठवड्यात. अन् मावशी इतक्यांदा फोन करतात, माझ्या आईची चौकशी करतात. मला वाटलं, त्यांना ताटकळत कशाला ठेवायचं." येताना वणीच्या देवीला गाडीतूनच हात जोडून पोरीसाठी मागणं घातलं होतं, तेही त्याने सांगितलं. मी त्याचा हात हातात घेतला. त्याला कोणी उठवून गाडीत बसवलं, याबद्दल मी माझ्या मनात जे समजतो ते समजतो. त्याच्याशी त्यावर बोलायची गरज वाटली नाही. आम्ही खाली टपरीवर चहा प्यायलो, आणि त्याच्या भाचीच्या लग्नाला माझ्याकडून एक पातळ जाईल एवढं मी कबूल करून घेतलं.

काही दिवसांनी बाळ घरी आलं, तेव्हा मी मावशींकडे गेलो. माफी मागायची होती, ती मागितली. मग विचारलं, "मावशी, खरं सांगा. तुम्हाला ज्योत्स्नाचं आधी कळलं होतं का?"

त्या विचारात पडल्या. "नाही रे. मला काही दिसलं नव्हतं. वॉर्डात रक्तावाचून गेलेल्या बाया मी पाहिल्यात, त्या आठवत होत्या. वचन वाचलं की जास्त आठवायच्या."

"मग तो संदेश होता की तुमची आठवण?"

"या दोन्हींत फरक करायची मला कधी गरज पडली नाही," त्या म्हणाल्या. आणि मग, मी न विचारताच, "तुझ्या बायकोला ज्यांनी सांगितलं ते चुकले. ती चुकली नव्हती. हे मी तेव्हाच तिच्या खाटेपाशी येऊन सांगायला हवं होतं. माझ्याने झालं नाही. तुझी माफी तर मीच मागायला हवी."  त्या दिवसापासून मी साक्षीच्या वेळी बाहेर जात नाही.

अंत्युखियाच्या त्या मंडळीबद्दल मी हल्ली पुष्कळ विचार करतो. दुष्काळ आला, इतिहास तसं सांगतो. देवाने तो अडवला नाही. का अडवला नाही, हे त्या लोकांनाही कळलं नसेल, आणि माझी पत्नी का गेली हे मलाही अजून कळलेलं नाही. पण यहूदीयात कोण्या एका घरात धान्याची कणगी खडखडीत झाली असेल, आईने पोरांना काय घालावं म्हणून डोक्याला हात लावला असेल, त्याच्या किती आधी दूरच्या शहरातल्या अनोळखी लोकांनी तिच्यासाठी काढून ठेवलेली मदत वाटेला लागली होती. तिला ते ठाऊक नव्हतं. देवाचा विश्वासूपणा बहुतेक वेळा असा आपल्याला न दिसणाऱ्या रस्त्यावरून चालत येत असतो, असं मला आता वाटतं. आपल्या हातात असतं ते करावं आणि उरलेलं त्याच्या हातात द्यावं. मला हे शिकायला फार वर्षं लागली.

परवा, नात सव्वा वर्षाची झाल्यावर, ज्योत्स्नाला रक्तपेढीतून फोन आला. मालेगावच्या एका विणकराचं ऑपरेशन आहे, त्याचा गट हाच, ती देऊ शकेल का. मी तिथेच होतो. माझ्या तोंडावर आलं होतं की नको, तू अजून अशक्त आहेस, दुसरं कोणी मिळेल. तिने डॉक्टरांना विचारलं, तपासणी करून घेतली, सगळं ठीक निघालं. मग माझ्याकडे पाहिलं. मी नातीला सुनीलच्या कडेवर दिलं आणि हेल्मेट उचललं. ती खाटेवर पडली होती, मी शेजारी स्टुलावर. त्या विणकराचं नाव आम्हाला कोणी सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही. माझी मुलगी मूठ उघडत मिटत होती, आणि मी डोळे मिटून, कुठल्याशा खाटेवर पडलेल्या त्या माणसासाठी आणि त्याच्या दारात बसलेल्या घरच्यांसाठी, देवाचे आभार मानत होतो.